विज्जडविड कुठलं?

भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. बीडमध्ये हे काही विशेष नाही. इथे घरटी एखादा तरी कोचिंगच्या नोट्स काखेत मारून फिरत असतो. मार्च महिन्यात एकदा तिने दोन गाइडं माझ्यापुढे आपटली. ‘मामा, भास्कराचार्यांचं जन्मगाव एकात विजापूर दिलंय, दुसऱ्यात पाटण. आणि आमचे क्लासचे सर म्हणतात, आपलं बीड. आता मी कशावर खूण करू?’

तिला झटकन उत्तर हवं होतं. मला देता आलं नाही, कारण या प्रश्नाला दीडशे वर्षांची वादावादी चिकटलेली आहे आणि तिच्यात निम्मा भाग पुराव्याचा असला तर निम्मा गावाच्या अभिमानाचा आहे. कर्तबगार पोरगं कुणाला नको असतं? पाच-सहा गावं भास्कराचार्यांना दत्तक घ्यायला निघालीत, आणि खऱ्या आईबापांचा पत्ता एका शब्दात अडकून पडलाय.

तो शब्द म्हणजे विज्जडविड. काही पोथ्यांत विज्जलविड. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीतल्या गोलाध्यायाच्या शेवटी स्वतःबद्दल थोडकं सांगितलंय. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेलं गाव, तिन्ही वेद जाणणाऱ्या विद्वानांचं, सज्जनांचं. तिथे शांडिल्य गोत्राचे महेश्वर नावाचे ब्राह्मण राहत, ते आपले वडील आणि तेच गुरू. जन्मसालाबाबत मात्र माणूस चोख आहे. रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, मग शून्य, मग पृथ्वी म्हणजे एक. हे आकडे उलटीकडून वाचले की शके १०३६ मिळतं, म्हणजे इ.स. १११४. ग्रंथ पुरा केला तेव्हा वय छत्तीस, म्हणजे साल ११५०. करणकुतूहल हा दुसरा ग्रंथ ११८३चा, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठत आणलेली. काळ असा बोट ठेवून सांगणाऱ्या माणसाने स्थळ मात्र वाचकाला ठाऊकच आहे असं धरलं. त्या काळात ते ठाऊक असणारही.

या शब्दाचा पुढचा साक्षीदार यायला जवळजवळ पाचशे वर्षं लागतात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत मुनीश्वर नावाच्या ज्योतिष्याने सिद्धान्तशिरोमणीवर ‘मरीचि’ ही टीका लिहिली. विज्जलविडाचा पत्ता तो असा देतो: सह्य पर्वताच्या प्रदेशात, महाराष्ट्रात, विदर्भ म्हणजेच विराट देशाच्या जवळ, गोदावरीपासून फार लांब नाही, पाच कोसांच्या अंतरात. बीडकरांचा सगळा दावा या पत्त्यावर उभा आहे. गोदावरी जिल्ह्याची उत्तरेची हद्द आखत जाते, बालाघाटाची रांग जिल्ह्याच्या मधून जाते आणि तिला सह्याद्रीचाच फाटा मानतात. विजापूर यात कुठेच बसत नाही. तिथून गोदावरी म्हणजे परमुलूख. दावेदारांतलं बिदर मांजरेकडचं. तेलंगणातलं बासर गोदावरीच्या काठावरच आहे, पण तिथे सह्य पर्वत शोधायचा कुठे?

मग बीडला माळ घालायची का? जरा थांबू. पाच कोस म्हणजे किती, हे भास्कराचार्यांनाच विचारू. लीलावतीच्या सुरुवातीला कोष्टक आहे: चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक कोस. हात अठरा इंचांचा धरला तर कोस साडेतीन किलोमीटरच्या थोडा पुढे जातो आणि पाच कोस अठरा किलोमीटरच्या आसपास. बीडहून गेवराईवरून शहागडच्या पुलापर्यंत गेलेल्या कुणालाही कळेल की हे जमत नाही. सरळ रेषेत मोजलं तरी बीड गोदावरीपासून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे अकरा कोस. पाच कोसांच्या पट्ट्यात गेवराई येते, बीड येत नाही. पाटण तर साठ किलोमीटरच्या पलीकडे राहतं. म्हणजे मुनीश्वराचा शब्द प्रमाण धरायचा तर सगळेच उमेदवार कुठे ना कुठे नापास. आणि धरायचा नाही तर बीडच्या बाजूने बोलणारा साक्षीदारच उरत नाही. बीडचा दावा करणारे ‘फार लांब नाही’ एवढं वाचतात आणि पुढचे पाच कोस गिळतात. हे मला पटत नाही.

मुनीश्वराला ही माहिती आली कुठून, हा प्रश्न मला जास्त रस वाटण्यासारखा आहे. त्याचं घराणं पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं, म्हणजे वऱ्हाडातलं. वडील रंगनाथ आणि चुलते कृष्ण दैवज्ञ दोघेही नावाजलेले. कृष्ण दैवज्ञाची भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीकाच आहे. वऱ्हाडी माणूस पत्ता सांगताना ‘विदर्भाच्या जवळ’ म्हणणारच. पण गोदावरी? त्या वेळी काशीत गोदाकाठच्या गोलग्रामहून गेलेलं दिवाकर दैवज्ञाचं घराणंही नांदत होतं. सिद्धान्ततत्त्वविवेक (१६५८) लिहिणारा कमलाकर याच घराण्यातला. या दोन घराण्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. ग्रहगणितावरून एकमेकांची खंडनं लिहिण्यापर्यंत मजल गेली होती. शिवाय आमच्या माजलगावच्या पलीकडे, नदी ओलांडली की पाथरी. तेच जुनं पार्थपूर मानतात. तिथल्या ज्ञानराजाने १५०३मध्ये सिद्धान्तसुंदर लिहिलं आणि त्याच्या मुलाने, सूर्यदासाने, १५३८ आणि १५४१ अशा सालांत भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि लीलावतीवर टीका लिहिल्या. म्हणजे मधल्या गोदाखोऱ्यात सोळाव्या शतकात भास्कराचार्य घरोघरच्या अभ्यासातले होते. ‘आचार्य आमच्याच बाजूचे’ ही गोष्ट तिथून काशीला गेली असेल असा माझा तर्क आहे. तर्कच, त्याला कागद नाही. पण खरा असला तर मुनीश्वर आपल्याला गावाचा पत्ता सांगत नाही, त्याच्या काळात भास्कराचार्य कुठे वाचले जात होते ते सांगतो.

आता नावाकडे वळू. ‘विड’ आणि ‘बीड’ यांत फरक तो काय, एका ओठाचा, असं आमच्याकडे सांगतात. गंमत अशी की बीडच्या नावाबद्दलच तीन गोष्टी गावात फिरतात. बालाघाटाच्या पायथ्याशी बिळात बसल्यासारखं म्हणून बीळ, त्याचं बीड. जुनं नाव चंपावती, तेही आपण दुकानांच्या पाट्यांवर जपलंय. आणि तिसरी अशी की मुहम्मद तुघलकाने इथल्या विहिरींचं पाणी पाहून हे नाव दिलं. त्याच तुघलकाचा दात बीडजवळ पडला आणि त्याने त्या दातावर घुमट बांधला, असंही सांगतात. एका दाताला थडगं मिळालं, आचार्यांना पत्ताही मिळेना! ते असो. तिसरी गोष्ट खरी मानली तर बीडचा दावा तिथेच संपतो, कारण तुघलक चौदाव्या शतकातला आणि विज्जडविड बाराव्यातलं. दोन्ही गोष्टी एकाच व्याख्यानात अभिमानाने सांगणारे वक्ते मी ऐकलेत.

मला स्वतःला ‘विड’चा धागा कानडीत जाताना दिसतो. भास्कराचार्यांच्या ऐन उमेदीत या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि मराठवाड्यातले त्या काळचे कितीतरी शिलालेख कानडी आहेत. कानडीत ‘बीडु’ म्हणजे तळ, छावणी, राहायची जागा. हळेबीडु म्हणजे जुनी छावणी. तसं वाचलं तर विज्जलविड हे ‘बिज्जलाचा तळ’ होतं. विजापूरची बाजू घेणारे इथे कलचुरी बिज्जलाचं नाव पुढे करतात. पण त्याने कल्याणीची गादी बळकावली ११५७च्या सुमारास, आणि भास्कराचार्य ११५०मध्येच गावाचं नाव लिहून मोकळे झालेले. तेव्हा तो मांडलिक होता. मांडलिकाच्या नावानेही गाव वसू शकतं, नाही असं नाही, पण त्यासाठी विजापूरच कशाला? तळ कुठेही पडतो. कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातही एक कसबा बीड आहे. शिलाहारांच्या काळातलं, वीरगळांनी भरलेलं. पावसाळ्यात तिथे सोन्याची नाणी सापडतात म्हणून ख्याती आहे. नावाच्या जोरावर भांडायचं तर त्या बीडलाही उभं करा, सह्याद्री तर त्याच्या उशालाच आहे. ‘बीड’ हे मुळात सामान्यनाम असेल तर नावाचं साम्य पुरावा म्हणून फार काही उरत नाही.

बिदरचा घोळ वेगळा आहे. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७मध्ये लीलावतीचं फारसीत भाषांतर केलं आणि प्रस्तावनेत आचार्यांचं गाव बिदर म्हणून दिलं. फारसीत ड नाही. बीड लिहायचं तर बे, ये, रे. म्हणूनच इंग्रजी अमदानीतल्या कागदांत आपलं गाव ‘भीर’ होतं. बिदर लिहायचं तर बे, ये, दाल, रे. फरक एका दालचा. नकलणाऱ्याला बिदरची सल्तनत माहीत, हे गाव माहीत नाही. एक अक्षर वाढलं असू शकतं. बीडच्या बाजूचा हा मुद्दा कुणी मांडला तर मी कान देऊन ऐकेन, पण त्यासाठी फैजीच्या जुन्या हस्तलिखितांत ते नाव कसकसं लिहिलंय हे ओळीने पाहावं लागेल. आणि साक्षीदार म्हणून फैजीची पतही बघायला हवी. लग्नाचा मुहूर्त मोजणाऱ्या घटिकापात्रात लीलावतीच्या पोशाखातला मोती पडून छिद्र बुजलं, मुहूर्त टळला आणि मुलगी बिनलग्नाची राहिली, ही शाळेत ऐकलेली गोष्ट त्याच प्रस्तावनेतली आहे. आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत तिला आधार नाही.

पाटणकडे मात्र दगड आहे. चाळीसगावपासून जवळ, सातमाळ्याच्या कुशीत पाटणादेवीचं रान. तिथल्या देवळातला शिलालेख मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. हे तेच भाऊ दाजी, जे महारोगावर औषध शोधत होते आणि उरलेल्या वेळात आर्यभट, वराहमिहिर यांचे काळ ठरवत होते. पुढे कीलहॉर्नने ‘एपिग्राफिया इंडिका’त लेखाचं नीट संपादन केलं. त्यात वंशावळ आहे: त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. चांगदेव यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८मध्ये, ग्रहणाच्या पर्वावर, त्या मठाला दान दिलं. लेखाच्या शेवटच्या ओळी संस्कृत सोडून चक्क मराठीत उतरतात, कारण आता गोष्ट बाजाराची आहे. पाटणात जे केणं विकलं जाईल त्यावरचा राजाचा हक्क मठाला. जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळीपळी तेल. हे पळीभर तेल वाचताना मला दरवेळी थांबायला होतं. श्लोकांत राजांची स्तुती कितीही असो, रात्री दिवा लावून कुट्टकाची गणितं सोडवणाऱ्या पोरांची सोय तेल्याच्या घाण्यावर होती.

तिथून काही मैलांवर, गिरणेकाठच्या बहाळला दुसरा लेख आहे, शके ११४४चा. तो अनंतदेवाचा, हा भास्कराचार्यांच्या भावाचा, श्रीपतीचा, नातू आणि तोही सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी. एकाच तालुक्यात एकाच घराण्याचे दोन लेख म्हटल्यावर पाटणचं पारडं जड होणारच. पण हे दोन्ही लेख नातवंडांचे आहेत. मठ कशासाठी काढला हे दगड सांगतो, आजोबांचा पाळणा कुठे हलला हे सांगत नाही. राजाश्रय मिळालेलं घराणं राजाश्रयाच्या गावी राहायला जातं. नातवाची पुण्यात संस्था आहे म्हणून आजोबांचा जन्म पुण्यातला, असं आपण आपल्या घरात तरी धरत नाही.

बीडमध्ये असा लेख नाही, यावर पाटणवाले बोट ठेवतात. ठेवावं, पण एक गोष्ट लक्षात घेऊन. खानदेश इंग्रजी मुलखात होता. तिथे गॅझेटियरवाले हिंडले, भाऊ दाजींसारखे मुंबईकर पोचले. बीड मोगलाईत. हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं निघालं १९१४मध्ये, म्हणजे भाऊ दाजींच्या लेखानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, आणि त्याचा जीव वेरूळ-अजिंठ्यात गुंतलेला. शोधणाऱ्यांची पायपीट दोन्हीकडे सारखी झालेली नाही. तरीही जिल्हा अगदी मुका नाही. अंबाजोगाईला याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे लेख आहेत. त्याच्या मुलीने, लक्ष्मीने, लढाईत पडलेल्या भावाच्या आठवणीत देऊळ बांधलं, ते शके ११६२चं. राजा तोच, काळ जवळपास तोच, विद्वानांची वर्दळही असणार. पण तिथले दगड बोलतात ते लढायांबद्दल, देवळांबद्दल, अग्रहारांबद्दल. बीड शहरातलं कंकालेश्वराचं देऊळ पाण्यात उभं आहे, देखणं आहे, आणि ज्योतिष्यांच्या घराण्याबद्दल तेही काही बोलत नाही.

भाचीला हे सगळं सांगता सांगता मला वाटलं, आचार्यांच्याच शास्त्राने गाव सापडतं का बघू. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्चच्या आसपास, बारा अंगुळांच्या शंकूची माध्यान्हीची सावली म्हणजे त्या गावची पलभा. ती गावाच्या अक्षांशावर ठरते. लाकडी पट्टीचा चोवीस सेंटिमीटरचा तुकडा कापला, म्हणजे अंगूळ दोन सेंटिमीटरचं झालं आणि हिशेब सोपा. गच्चीवर फरशीचा तुकडा पाणसळीने सपाट करून घेतला, पट्टी ओळंब्याने उभी केली. बीडची माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. आपण भारताच्या प्रमाणवेळेच्या रेषेपासून बरेच पश्चिमेला, म्हणून मार्चमध्ये ती बारा चौतीसला होते. सावली भरली सव्वाआठ सेंटिमीटर. पाटणला ती ८.९ यायला हवी, बिदरला ७.८, विजापूरला ७.३. भाची खूश: ‘म्हणजे आचार्यांनी सावली लिहून ठेवली असती तर विजापूर बाद!’ बरोबर. पण बासरला ८.२. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, आणि सावलीचं टोक सूर्यबिंबाच्या रुंदीमुळे दोन-अडीच मिलिमीटर पुसट दिसतं. पेन्सिल नेमकी कुठे टेकवायची यावरच आमचं मामा-भाचीचं भांडण झालं. शिवाय सिद्धान्तग्रंथ एका गावासाठी लिहिलेला नसतो. त्यात रीत असते. ज्याने त्याने आपल्या गावची पलभा घालून उत्तर काढायचं. रेखांश मोजायचे ते लंका-उज्जयिनीच्या रेषेपासून. लेखकाने स्वतःचं गाव गणितातून बाहेर ठेवलं म्हणूनच तो ग्रंथ केरळपासून काशीपर्यंत चालला.

उरतं ते पोथ्यांचं काम. २०१४मध्ये आचार्यांच्या नवव्या जन्मशताब्दीला ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने परिषद भरवली, तिथले निबंध पुढे ‘भास्करप्रभा’ या ग्रंथात आले. त्यांत गणिताचा ऊहापोह उत्तम आहे. डेव्हिड पिंग्री या अमेरिकन अभ्यासकाने १९७० ते १९९४ अशा पाच खंडांत संस्कृतातल्या ज्योतिष-गणिताच्या ग्रंथांची आणि त्यांच्या हस्तलिखितांची खानेसुमारीच केली. कुठली पोथी कुठल्या संग्रहात आहे हे आता शोधता येतं. गोलाध्यायाच्या जितक्या पोथ्या आहेत तितक्यांतला तो एकच श्लोक काढावा, ‘ड’ की ‘ल’ की आणखी काही ते मांडावं, पोथी कुठे आणि केव्हा नकलली ते शेजारी लिहावं. दक्षिणेतल्या पोथ्या एक म्हणतात आणि काशीकडच्या दुसरं, असं निघालं तर मुनीश्वराचा पाठ कुठून आला हेही कळेल. या कामावर व्याख्यान देता येत नाही, फ्लेक्सही लागत नाही. चिकाटीचं, डोळे फोडणारं काम आहे ते.

बीड जिल्ह्याला या जातीच्या भांडणाची सवय आहे म्हणा. विवेकसिंधूकार मुकुंदराज अंबाजोगाईचे की वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचे, हा वाद पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि दोन्हीकडे समाधी आहे. तिथे निदान ग्रंथ मराठी, वाद घालणारेही मराठी. भास्कराचार्यांच्या बाबतीत तीन राज्यं आणि चार लिप्या येतात.

माझं मत भाचीने विचारलंच. विजापूर नाही, बिदर बहुधा लिपीतली चूक. पाटण हे घराण्याचं नंतरचं गाव, यात शंका नको. जन्मगाव गोदावरी आणि अजिंठा-बालाघाटाच्या रांगा यांच्या मधल्या टापूत कुठेतरी असावं; ते आजचं बीड शहरच, असं म्हणायला माझ्याजवळ काही नाही. ते गाव आज त्या नावाने नसेलही. गोदाकाठची किती गावं पुरात उठली, सरकली, नाव बदलून बसली, आणि जायकवाडीने, माजलगावच्या धरणाने किती पोटात घेतली.

‘एवढं सगळं त्या चार पर्यायांत बसतंय का, मामा?’ ती म्हणाली.

परीक्षेत तो प्रश्न खरंच आला म्हणे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून तिने सोडून दिला.